हद्दीपलीकडचं हवामान

पारासरांना दोनच तऱ्हांनी बोलता येत असे: सगळ्यांशी, नाहीतर कोणाशीच नाही. वर्गात, सभेत, माइकसमोर त्यांना थांबवावं लागे. समोर एकच माणूस असलं आणि ते माणूस त्यांची बायको असली, की त्यांच्याजवळ 'बरं', 'असं का' आणि 'ठेवतो' एवढाच शब्दसंग्रह उरे. 'ठेवतो' हा खरं तर फोनवरचा शब्द, पण सर तो कधीकधी समोरासमोरही वापरत.

कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि क्वार्टर रिकामं करायला सांगायचं विसरलं. या विसरण्याची परतफेड म्हणून सर रोज सकाळी कॉलेजच्या अंतर्गत वाहिनीवर हवामान सांगू लागले. गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता, आणि मागच्या खोलीत पाऱ्याचा एक म्हातारा वायुभारमापक. मुलांनी त्यावरूनच त्यांचं नाव ठेवलं होतं.

त्याच मागच्या खोलीत दार लावून सर माइकसमोर बसत. पुढच्या खोलीत त्यांची बायको, म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई, भाजी निवडत डबा लावून ऐकत. डबा म्हणजे ही वाहिनी ऐकायचा लहानसा स्पीकर. तो क्वार्टर्समध्ये घरोघरी होता आणि बहुतेक घरी बंद होता.

"अगं आई, दारातून आवाज येतोय की. डबा कशाला लावतेस? सगळं दोनदा ऐकू येतं," लेकीने एकदा म्हटलं.

"दारातून येतो तो त्यांचा आवाज," बाई म्हणाल्या. "डब्यातून येतं ते हवामान."

आणि हवामान असं असे: "आज आर्द्रता अधिक राहील. ज्यांनी कालचे टॉवेल अजून दोरीवरून काढलेले नाहीत, त्यांनी ते काढावेत. दुपारी ऊन कडक. ज्यांना गोळी घेतल्यावर उन्हात जाऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं आहे आणि तरी जे जातात, त्यांनी आपल्याशी विचार करावा." कॅन्टीनमध्ये हे कानावर पडलं की नव्याने रुजू झालेले प्राध्यापक म्हणत, सर सगळ्यांची किती काळजी करतात.

बाईंचं उत्तर तोंडी नसे. सरांनी पाऊस सांगितला की त्या कपडे वाळत घालत. पाऊस आला नाही, तर जेवताना सरांच्या ताटाजवळ कडकडीत वाळलेल्या कपड्यांची घडी दिसे. पाऊस आला, तर ओले कपडे न्हाणीघरात लपवले जात आणि तो विषय निघत नसे. निवृत्तीनंतर इतकी वर्षं त्यांचं जे काही बोलणं झालं, ते या मार्गाने झालं आणि पुष्कळ झालं.

मग बाई फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हा डबा पिठाचा होता.

हॉस्पिटल कॉलेजच्या शेजारीच, मध्ये फक्त भिंत. एके काळी दोन्ही एकाच संस्थेची होती. पुढे विश्वस्तांचं फाटलं, भिंत बांधली गेली आणि तिच्या दोन बाजूंना दोन लेटरहेडं आली. भिंतीच्या अलीकडचं नेटवर्क आज पारासरांची लेक बघते, पलीकडचं त्यांचा जावई. हे नातं नंतरचं. भिंत आधीची.

ऑपरेशन नीट झालं. पण वॉर्डात संसर्ग निघाला आणि बाहेरच्यांना बंदी आली. नवऱ्याला बंदी, लेकीलाही बंदी. जावई मात्र हॉस्पिटलचा कर्मचारी, त्यामुळे तोंडाला मास्क लावून तो सासूबाईंच्या खाटेपर्यंत जाऊ शकत होता.

"आई, डॉक्टर म्हणतात तुम्ही उठत नाही."

"उठून जायचंय कुठं?"

"व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिथे खिडकी आहे."

"खिडकीत काय आहे?"

जावयाने जाऊन बघितलं. खिडकीतून आकाश दिसत होतं, बाकी पार्किंग. त्याने प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि बाईंनी कूस बदलली.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. पुढच्या मोठ्या राउंडपर्यंत बाई आपल्या पायांनी त्या खिडकीपर्यंत गेल्या, तर घरी. नाहीतर दूरच्या शुश्रूषागृहात. तिथे काळजी चांगली घेतात, असं सिस्टर म्हणाल्या. तिथून घरी किती जण येतात, हे जावयाने विचारलं तेव्हा त्यांना दुसऱ्या खाटेवर काम निघालं.

फोन करून बघितला. सर म्हणाले, "बरं वाटतं ना?" बाई म्हणाल्या, "हो." सर म्हणाले, "असं का. बरं. ठेवतो."

लेकीने सकाळचं हवामान मोबाइलवर रेकॉर्ड करून नवऱ्याच्या हाती पाठवलं. बाईंनी दोन वाक्यं ऐकून मोबाइल परत दिला. "शिळं हवामान काय ऐकायचं?"

"मग रोज सकाळी फोन लावून डब्यासमोर धरायला सांगतो. ताजं ऐका."

"नको. फोन कानाला लावला की वाटतं मलाच सांगतायत. मग उत्तर द्यावं लागतं."

इकडे सरांचं हवामानही आजारी पडलं होतं. टॉवेल गेले, गोळ्या गेल्या. "आज आकाश अंशतः ढगाळ. नमस्कार." एवढंच. कॅन्टीनवाल्याला वाटलं स्पीकर बिघडला, त्याने दोनदा थापट मारून बघितली.

"हे आपल्यालाच करायला पाहिजे," लेक घरी नवऱ्याला म्हणाली. "हॉस्पिटलात खाटेखाटेला ऐकायचा डबा आहे ना? त्यात बाबांची वाहिनी सोड."

"हद्द आहे," जावई म्हणाला.

"माहीत आहे. मीच आखली होती."

"आपण."

ही हद्द जरा समजून घ्यायला हवी. अशा वाहिनीत बोलणारा एकदाच बोलतो, सगळ्यांना उद्देशून. ज्याला ऐकायचं तो आपल्या डब्यावरून त्या वाहिनीच्या गटात शिरतो. वाटेतले राउटर जिकडे ऐकणारा असेल तिकडेच आवाजाची प्रत पुढे देतात. कोण ऐकतंय ते बोलणाऱ्याला कळत नाही आणि पारासरांसारख्यांची त्यामुळेच सोय होते. यंत्राच्या मनात असतं तर हा आवाज कुठवरही गेला असता. पण कुठवर जाऊ द्यायचा हे यंत्र ठरवत नाही, प्रशासन ठरवतं. कॉलेज जिथे संपतं तिथल्या राउटरला सांगून ठेवायचं: आमच्या घरगुती वाहिन्या इथून बाहेर जाऊ देऊ नकोस, बाहेरच्या आत घेऊ नकोस. तार पुढे जाते, वीज पुढे जाते, आवाज मात्र सहीच्या पुढे जात नाही.

याचा एक फायदा असा, की हद्दीच्या आत वाहिन्यांना कोणतेही आकडे द्यावेत, शेजाऱ्याला विचारायचं कारण नाही. तुमच्या घरात 'बाळ' आणि शेजारच्या घरात 'बाळ', मधली भिंत आहे तोवर हाक मारली की आपलंच येतं.

संस्था फुटली त्या वर्षी ही हद्द आखायला दोन्हीकडून एकेक नवखं माणूस पाठवलं होतं. भिंतीत एक खोली आहे, खरोखरच भिंतीत, दोन्ही बाजूंनी दार असलेली. तिथे ती दोघं समोरासमोर बसली आणि कोणाचं काय कुठे अडवायचं हे ठरवता ठरवता त्यांचं लग्न ठरलं. दोन संस्थांमध्ये त्यानंतर झालेला हा एकमेव करार.

परवानगी दोन्हीकडून लागणार होती. कॉलेजचे कुलसचिव म्हणाले, "आपलं हवामान त्यांनी का म्हणून ऐकायचं?"

"सर, हवामान दोन्हीकडे सारखंच असतं," लेक म्हणाली.

"मग त्यांनी त्यांचं सांगावं."

हॉस्पिटलच्या प्रशासकांची काळजी वेगळी होती. "वादळाचा इशारा ऐकून एखाद्या पेशंटला काही झालं, तर जबाबदारी कोणाची?"

"वादळाची," जावई म्हणाला. मग सासूबाईंबद्दल सगळं सांगितलं, तसे प्रशासक चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, प्रायोगिक तत्त्वावर, आठवडाभर, लेखी काही नको. कुलसचिवांना कळलं की पलीकडे लेखी काही नाही, तेव्हा त्यांनीही हो म्हटलं. कोणी आधी वाकलं असं कुठेच दिसणार नव्हतं.

राउंड तीन दिवसांवर होता. लेक-जावई भिंतीतल्या खोलीत बसली, आपापल्या दारापाशी.

"मी माझ्या बाजूने फक्त बाबांची वाहिनी सोडते," ती म्हणाली. "तू तुझ्या बाजूने काय करतोस?"

"मी सगळंच उघडतो. तू सोडशील तेवढंच येणार ना."

दोघांपैकी एकानेही आकडा विचारला नाही. तशी गरजही नव्हती. वाहिन्या आपली नावं आपणच जाहीर करतात आणि डब्याच्या यादीत ती आपोआप उमटतात. शिवाय इतक्या वर्षांच्या संसारात तिने सोडायचं आणि त्याने उघडून बसायचं, ही पद्धत कधी चुकली नव्हती.

"बाबा, उद्यापासून तुमचं हॉस्पिटलातही ऐकू जाणार आहे," लेकीने संध्याकाळी सांगितलं.

"बरं," सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माइकसमोर जाऊन बसले, जिथे त्यांना दाराच्या आतल्या बाजूखेरीज कोणीही बघणार नव्हतं.

वॉर्डात जावयाने बाईंच्या उशाशी डबा लावून दिला. यादीत 'हवामान' उमटलं होतं. बाईंनी तिकडे न बघता ते लावलं.

"नमस्कार. आज वायुभार किंचित..." सरांचा आवाज आला, "...डावा पाय सावकाश वर उचला... उतरलेला आहे. पश्चिमेकडून ढग... आणि हळूच खाली सोडा... येण्याची शक्यता नाकारता येत नाही. ज्यांना खिडकी उघडी टाकून... दीर्घ श्वास घ्या..."

"ही कोण?" बाईंनी विचारलं. पण जावई वॉर्डात नव्हता. वाक्याच्या अर्ध्यावरच तो भिंतीतल्या खोलीकडे धावत सुटला होता.

ती हॉस्पिटलची व्यायामाची वाहिनी होती. फिजिओथेरपिस्ट बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज सकाळभर तिथे पाय उचलायला लावत असे. तिचा आकडा सत्त्याऐंशी. हवामानाचा आकडाही सत्त्याऐंशी. मधली हद्द होती तोवर दोन सत्त्याऐंशी आपापल्या घरी सुखात होते. आज एकच गट झाला आणि दोघंही सगळ्यांशी बोलू लागले. पलीकडे कॅन्टीनमध्ये कुलसचिव चहा घेत होते. स्पीकरने सांगितलं म्हणून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. तो सोडायची सूचना ढगांखाली गेली आणि ते बराच वेळ तसेच राहिले.

वॉर्डात खाटेखाटेवरून घंट्या वाजायला लागल्या. बाईंनीही वाजवली. कोणी येईना.

"...ज्यांना घर फार मोठं वाटू लागलेलं आहे..." डब्यातून सर म्हणाले.

"गुडघ्यात वाकवा," डब्यातली बाई म्हणाली.

बाईंनी चादर बाजूला सारली. खाटेजवळ चौपायी वॉकर उभा होता, आणल्यापासून तसाच. तो त्यांनी ओढला आणि एखाद्या वर्गात दंगा चालला असताना निघाव्यात तशा निघाल्या. सिस्टरांचं टेबल व्हरांड्याच्या मध्यावर होतं. तिथे सिस्टर फोनवर होत्या आणि शेजारी खुद्द फिजिओथेरपिस्ट बाई उभ्या होत्या.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "माझ्या घरचं बोलणं चाललंय. त्यात तुमची ती बाई सारखी मध्ये पडतेय. तिला जरा गप्प बसवा."

सिस्टरांनी फोन बाजूला धरला. फिजिओथेरपिस्ट बाई वॉकरकडे बघत होत्या, मग पायांकडे, मग त्या मागे राहिलेल्या व्हरांड्याकडे.

"बाई," त्या सावकाश म्हणाल्या, "ती बाई म्हणजे मी."

"असं का," बाई म्हणाल्या. "मग जरा थांबा. त्यांचं झालं की बोला."

तोवर जावयाने हद्द पुन्हा लावली होती. सरांचं उरलेलं हवामान भिंतीपलीकडेच राहिलं. बाई परत खाटेवर येऊन बघतात तर डब्यात नुसता व्यायाम.

"घर मोठं वाटतं, पुढे काय म्हणाले?" त्यांनी जावयाला विचारलं.

जावयाला ते ऐकायला मिळालं नव्हतं. संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. तिनेही ऐकलं नव्हतं. तीही धावत होती. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कुठे काय. ढगाळ म्हणालो."

दोघं आपल्या स्वयंपाकघरात बसली. कुकर व्हायचा होता.

"सत्त्याऐंशी," जावई म्हणाला.

"हो."

"तू का घेतलास?"

"तू का घेतलास?"

"मी आधी विचारलं."

ती कांदा चिरत राहिली. "हद्द आखून झाल्यावर आपण बस स्टॉपवर आलो. सत्त्याऐंशी आली. तू चढलास."

"तू चढलीस म्हणून मी चढलो."

"मी तू चढलास म्हणून. ती माझी बस नव्हतीच. मला उलट्या दिशेला जायचं होतं."

जावई म्हणाला, "माझीपण नव्हती."

"मग कोणाची होती?"

"कंडक्टरची असेल."

कुकरची शिटी झाली. दोघांनी आपापल्या ऑफिसात, एकमेकांना न सांगता, पहिल्या वाहिनीला तो आकडा देऊन ठेवला होता आणि रोज सकाळी त्याच्याकडे बघत दोन वेगवेगळ्या खुर्च्यांत चहा प्यायला होता. आता प्रश्न होता तो कोणी सोडायचा.

"व्यायामाचा बदल," ती म्हणाली.

"हवामानाचा बदल."

"नाही."

"मग माझंही नाही."

राउंडला दोन दिवस उरले होते, त्यामुळे भांडण लवकर संपलं. दोघांच्या हद्दी पोटात घेणारी एक मोठी हद्द करायची, तिच्यात फक्त एकच वाहिनी, आणि तिला आकडा असा द्यायचा जो दोघांनी मिळून ठरवला आहे. घरगुती हवामान त्या नव्या आकड्यावरही बोलेल. सत्त्याऐंशी जिथल्या तिथे, दोन्हीकडे.

"अठ्ठ्याऐंशी?" त्याने विचारलं.

"ती कुठे जाते?"

"डेपोत."

"चालेल. त्यात कोणी चढणार नाही."

दुसऱ्या दिवशी हवामान स्वच्छ आलं. सर म्हणाले, "काल ढग सांगितले होते, ते आले. आज मात्र दुपारी पश्चिमेकडे आकाश निरभ्र राहील. ज्यांना बसल्या जागेवरून आकाश दिसत नाही, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा."

बाईंनी डबा बंद केला. सरांच्या अंदाजावर विश्वास ठेवणं ही एक गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती आणि आता सुरू करायचा त्यांचा विचार नव्हता. दुपारी त्यांनी वॉकर ओढला. सिस्टरांचं टेबल मागे पडलं, पाण्याची टाकी मागे पडली. एकदा भिंतीला टेकून थांबल्या. जावई दोन पावलं मागे, हात पुढे करून, पण न लावता. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी पार्किंगकडे ढुंकून बघितलं नाही. वर बघितलं. पश्चिमेला, अगदी कडेला, ढगाचा एक पुंजका होता. हातरुमाल वाळत घालावा एवढा.

"त्यांना सांगा," बाई म्हणाल्या, धाप लागली होती, "चुकलं."

जावयाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारासरांनी माइकसमोर घसा साफ केला. "काल एका जाणकार श्रोत्यांनी कळवलं, की पश्चिमेला ढग होता. हे खरं आहे. मी गच्चीवर जाऊन बघितला. निरीक्षण उत्तम आहे. अशा श्रोत्यांनी लवकर आपल्या गच्चीवरून निरीक्षणं नोंदवायला यावं, कारण इथला कोंबडा अडकलेला आहे आणि मला शिडी चढायची परवानगी घरातून नाही. परवा मी म्हणालो होतो की काहींना घर मोठं वाटू लागलं आहे. ते वाक्य तांत्रिक कारणाने पुरं ऐकू गेलं नाही असं कळतं. ते असं होतं, की मोठ्या खोलीत आवाज घुमतो आणि त्याने रेकॉर्डिंग बिघडतं. नमस्कार."

बाई डब्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी सिस्टरांकडून कंगवा मागून घेतला.

मोठा राउंड झाला तेव्हा त्या खाटेवर नव्हत्या. डॉक्टरांनी आपलं सगळं लटांबर घेऊन त्यांना व्हरांड्याच्या टोकाशी गाठलं. कसं वाटतंय, त्यांनी विचारलं.

"वारा फिरलाय," बाई म्हणाल्या.

घरी पाठवायच्या कागदावर सही झाली.

आठवडा केव्हाच उलटून गेला. हद्दीतली ती अठ्ठ्याऐंशी नंबरची फट अजून तशीच आहे. बाई घरी गेल्यावर इतर खाटांवरून विचारणा आली, की टॉवेलवाले सर कुठे गेले. मग ती कोणी बंद केली नाही. कोणी चालू ठेवायलाही सांगितलं नाही. प्रशासनात याला कायमस्वरूपी व्यवस्था म्हणतात.

सर पूर्वीसारखे मागच्या खोलीत दार लावून बसतात. बाई पुढच्या खोलीत, खुर्चीजवळ काठी, मांडीवर भाजी, शेजारी डबा. आवाज दारातून आधी येतो. डब्यातला नेटवर्क फिरून येतो म्हणून जरा मागून.

"आज दुपारी पावसाची शक्यता," दार म्हणतं.

"नाही पडत," बाई म्हणतात, आणि मग डबा काय म्हणतो ते ऐकायला मान कलती करतात.